निळ्या दिव्याची डबी आणि माझी सही

माझ्या अक्षराला लोकांनी नावं ठेवली आहेत, माझ्या गाण्याला ठेवली आहेत, लग्नात तर माझ्या नाकालासुद्धा ठेवली होती. सहीला मात्र आजवर कोणाची हिंमत झाली नव्हती. सव्वीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. बाजारातल्या ज्या तराजूवर माझा शिक्का, तो तराजू खरा. ज्या पंपाला माझं सील, त्या पंपाचं लिटर म्हणजे लिटर. ही फुशारकी नाही. पुढे जे सांगणार आहे ते किती लाजिरवाणं आहे हे नीट कळावं म्हणून आधी सांगून ठेवलं.

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा तराजू दोन वर्षांपूर्वी मी धरला होता. किलोमागे चाळीस ग्रॅम कमी. बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, चुकून झालं हो." त्यावर मी चष्मा पुसत त्याला म्हणालो होतो, "'चुकून' असा रकाना आमच्या फॉर्मात नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं, की पुढची दोन वर्षं घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ते ऐकवलं. काहींना दोनदा.

तर भानगड सुरू झाली ती पिकअपपासून. पिकअप आमच्या हिची. घरामागच्या मोकळ्या जागेत हिची रोपवाटिका आहे आणि बँका, दवाखाने, कचेऱ्या अशा ठिकाणी कुंड्या पोचवायच्या तर पिकअप लागते. रोपं उत्तम आहेत, धंदा उत्तम आहे, गाडीही ही उत्तम चालवते. फक्त ती पिकअप डिझेल पीत नाही, ढोसते. दर आठवड्याला ही पंपावरून आली, की किल्ली टेबलावर आपटून म्हणायची, "हिच्यापेक्षा हत्ती पाळला असता." आणि माझ्याकडे बघायची. हत्ती न पाळण्यात माझा काय दोष होता ते मला अजून कळलेलं नाही.

अशाच एका रविवारी साडू आले. साडू हे नातं फार नाजूक. भावाशी भांडता येतं, मेहुण्याशी भांडता येतं, साडूशी भांडायची सोय नाही. कारण ते भांडण दोन सख्ख्या बहिणींमार्फत आपल्याकडे परत येतं आणि येताना वाढून येतं. त्यातून आमचे साडू स्वभावाने अतिशय गोड. आजवर त्यांनी पाणी शुद्ध करणारी बाटली, केस उगवणारा कंगवा आणि पाठ सरळ करणारी गादी असे तीन धंदे केले. त्या गादीवर मी आजही झोपतो आणि उठल्यावर अर्धा तास वाकून चालतो. या खेपेला त्यांनी खिशातून एक काळी डबी काढली. डबीवर निळा दिवा. नाव इंग्रजीत होतं आणि त्यात 'सुपर' हा शब्द तीनदा होता.

"दादा, ही डबी पिकअपला बसवायची. डिझेल निम्म्यावर."

"ते कसं काय?"

"त्याचं असं आहे, इंधनाचे कण गोंधळलेले असतात. ही डबी त्यांना शिस्त लावते. रांगेत उभे करते."

"मी शेकडो पंप तपासले आहेत," मी म्हणालो. "मला तरी डिझेल कुठे गोंधळलेलं दिसलं नाही."

साडूंचा चेहरा पडला. एवढ्यात ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "वाद कशाला घालताय? मोजून बघा की. मोजणं हे तुमचंच काम ना?"

बायको अशी वर्मावर बोट ठेवते. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की या डबीची मी शास्त्रशुद्ध परीक्षा घेणार. एक आठवडा डबीशिवाय, एक आठवडा डबीसकट. टाकी काठोकाठ भरायची, तीही मी स्वतः सील केलेल्या पंपावर. साडूंनी मला कडकडून मिठी मारली. पाठीतून कळ गेली ती त्यांच्याच गादीची.

पहिला आठवडा हिने नेहमीसारखी गाडी चालवली आणि मी शेजारी वही घेऊन बसलो. अ‍ॅव्हरेज निघालं नऊ पूर्णांक दोन. शनिवारी आम्ही डबी बसवायला मेकॅनिककडे गेलो. त्याने दोन वायरी बॅटरीला जोडल्या, एक नट आवळला आणि हात पुसले. निळा दिवा लागला.

"याने काय होईल?" मी विचारलं.

"दिवा लागेल," तो म्हणाला.

त्याच वेळी मी सावध व्हायला हवं होतं. पण मेकॅनिक लोकांना विज्ञानाची कदर नसते असं मला वाटलं. आम्ही निघणार एवढ्यात ही म्हणाली, "अहो, ऐका ना, शेडचं छप्पर झालंय, तर ती मातीची पोती मी—"

"पोती नंतर," मी म्हणालो. "प्रयोग सुरू झालाय."

दुसऱ्या आठवड्यासाठी मी कचेरीतून रजा काढली. इतकी महत्त्वाची परीक्षा दुसऱ्याच्या पायावर कशी सोडायची? गाडी मी स्वतः चालवायला घेतली. वेग चाळीस. ना एकोणचाळीस, ना एक्केचाळीस. सिग्नल लांबून दिसला, की पाय आधीच वर. माझ्यामागे गाड्यांची जी रांग लागायची, त्या रांगेतल्या लोकांनी माझ्या घराण्याबद्दल बरंच काही मत मांडलं. एकदा एक आजोबा सायकलवरून मला मागे टाकून गेले आणि जाताना 'काही मदत हवी आहे का?' असंही विचारून गेले. ही शेजारी बसून घड्याळ बघत होती.

"अहो, या वेगाने रोपं पोचेपर्यंत त्यांची झाडं होतील."

"घाई हा इंधनाचा शत्रू आहे."

"बरं, ती पोती—"

"शूऽऽ! काटा बघू दे."

तिसऱ्यांदा तिने मला फोनवर सांगायचा प्रयत्न केला. मी तेव्हा पंपावर होतो, टाकीच्या तोंडात डोळा घालून. मी फोन न ऐकताच खिशात टाकला. आणि आकडा आला: अकरा पूर्णांक एक! मी तीनदा भागाकार केला. पंपावरच्या माणसाकडूनही करून घेतला. अकरा पूर्णांक एकच.

साडूंना बातमी कळताच ते धाकटीला, म्हणजे हिच्या बहिणीला, घेऊन धावत आले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी. धाकटी म्हणाली, "भाऊजी, यांच्या एका तरी वस्तूचा उपयोग झाला." मलाही भरून आलं. त्या भरात साडूंनी नुसतं 'दोन ओळी लिहून द्या ना' म्हणायचा अवकाश, मी जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद घेतला आणि लिहिलं: 'प्रस्तुत उपकरण बसविल्यानंतर सदर वाहनाच्या सरासरीत वीस टक्क्यांहून अधिक सुधारणा झाल्याचे प्रत्यक्ष मोजणीत आढळून आले.' खाली सही केली. आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने हाताने सहीखाली आपणहून लिहिलं, 'निरीक्षक, वजनमापे'. शिक्का मारला नाही. शिक्का कचेरीत होता. घरी असता तर मारला असता, हे आज कबूल करतो.

चार दिवसांनी आमच्या जिन्यात पत्रक लागलं. पत्रकावर डबीचा फोटो बोटाएवढा आणि माझ्या सहीचा हाताएवढा. वर ठळक अक्षरांत 'खुद्द वजनमाप निरीक्षकांनी मोजून दिलेली खात्री!' मला जरा कसंसंच झालं. पण खोटं कशाला बोला, मी ते पत्रक जिना चढताना वाचलं आणि उतरतानाही वाचलं. ज्या लोकांनी सहा वर्षांत मला 'कसे आहात' विचारलं नव्हतं, ते थांबून नमस्कार करायला लागले. ज्याच्या त्याच्या गाडीत निळा दिवा दिसू लागला.

शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक तेवढे खूश नव्हते. त्यांना कशातही शंभरपैकी शंभर दिल्याचं कोणाला आठवत नाही. ते म्हणाले, "अकरावर काय समाधान मानता? बारा व्हायला हवेत. पिकअपचा मागचा फाळका बंद ठेवता ना तुम्ही? तिथे हवा अडते. फाळका उघडा ठेवा, हवा सुळकन निघून जाईल." एवढं बोलून त्यांनी खिशातल्या खडूने आमच्या दारावर पिकअप काढली, हवेचे बाण काढले आणि खाली 'सिद्ध झाले' असं लिहिलं. एवढ्या ठामपणे दारावर लिहिलेलं कोणी खोडून काढावं?

दुसऱ्या दिवशी मी हिला न सांगता फाळका खाली सोडला. बँकेसमोरच्या वळणावर हवा सुळकन गेली की नाही माहीत नाही, बेचाळीस कुंड्या मात्र गेल्या. त्या कुंड्या त्याच बँकेच्या होत्या, म्हणजे एका अर्थी माल पत्त्यावरच पोचला. तसं मी हिला सांगूनही पाहिलं. तिने रस्त्यावर बसून मातीतून एकेक रोप उचललं, मला झाडू आणायला सांगितलं आणि नंतर दोन दिवस माझ्याशी 'मीठ संपलंय' याखेरीज एक शब्द बोलली नाही. पिकअपची किल्ली तिने परत स्वतःकडे घेतली. अ‍ॅव्हरेज त्यानंतर मी मोजलंच नाही. निकाल लागल्यावर पेपर परत कोण तपासतं?

महिनाभराने कचेरीत माझ्या टेबलावर एक तक्रारअर्ज आला. तक्रारदार: कोपऱ्यावरचा किराणावाला. त्याचीही माल पोचवायची पिकअप आहे. डबी बसवण्याआधी गाडी दहा देत होती, बसवल्यावरही दहाच देत होती. सोबत ते पत्रक जोडलेलं. शेवटचा परिच्छेद मला पाठ झाला आहे: 'सदर वस्तू मी केवळ निरीक्षकसाहेबांच्या सहीवर विश्वास ठेवून घेतली, कारण ती सही किती कडक असते याचा मला स्वतःला अनुभव आहे.'

मी तो अर्ज पालथा ठेवला. पाणी प्यायलो. परत उलटा करून पाहिला. मजकूर तोच होता.

खोट्या मापाच्या तक्रारीची चौकशी त्या भागाच्या निरीक्षकाने करायची असते. त्या भागाचा निरीक्षक मी. मी मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं, की तक्रार माझ्याविरुद्ध असल्याने चौकशी दुसऱ्याकडे द्यावी. पत्र परत आलं: 'विनंती भागाच्या निरीक्षकामार्फत, त्यांच्या शिफारशीसह पाठवावी.' तेव्हा मी माझं पत्र माझ्याकडे पाठवलं, ते मला मिळाल्याची पोच मी मला दिली, माझी विनंती रास्त असल्याची शिफारस केली आणि वर पाठवलं. मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं.

"दुसरा निरीक्षक आहे कुठे?" ते म्हणाले. "एक बाळंतपणाच्या रजेवर, एकाचं पोट बिघडलंय. तुम्हीच करा. साक्षीदार म्हणून तक्रारदाराला घ्या, म्हणजे झालं."

"साहेब, पण मीच आरोपी आहे."

"मग उलट सोपं. तुम्हाला शोधत फिरायला नको." फाइल मिटता मिटता ते जरा गंभीर झाले. "हे बघा, तुमची सही खोटी ठरली, तर बाजारातला प्रत्येक जण उद्या आपला तराजू घेऊन येईल आणि म्हणेल, हाही शिक्का यांचाच. काय ते नीट मोजा."

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि या खेपेला तो गादीचा दोष नव्हता.

खात्याच्या फॉर्मात वाहनाच्या परीक्षेचा पहिलाच रकाना आहे: 'वाहनाचे भारासह वजन'. घरी परीक्षा घेताना मी फॉर्म वापरला नव्हता. फॉर्म काय, तोंडपाठ आहे, असं म्हणालो होतो. आता मात्र आम्ही रीतसर वजनकाट्यावर गेलो. ही पिकअप घेऊन आली, किराणावाला दुकान बंद करून आला. गाडी काट्यावर चढली. आकडा आला. हिने गाडीच्या खणातून एक जुनी पावती काढून माझ्या हातात दिली. प्रयोगाच्या काही महिने आधी तिने माती विकत आणली होती, तेव्हा गाडी याच काट्यावर चढली होती. दोन आकड्यांत साडेपाचशे किलोंचा फरक.

"काटा बिघडलाय," मी म्हणालो.

काटेवाला खिडकीतून वाकला. "साहेब, शिक्का तुमचाच आहे. दोन महिन्यांपूर्वीचा."

मी हिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "मातीची पोती. ओल्या मातीची चौदा पोती होती हौद्यात, ताडपत्रीखाली. ठेवायला जागा नव्हती म्हणून महिनोन्‌महिने गाडीतच फिरत होती. तुम्ही डबी बसवली त्या दिवशी सकाळी मी ती शेडमध्ये उतरवली. तीनदा सांगायला आले मी तुम्हाला. तीनदा."

किराणावाला दुसरीकडे बघू लागला. हा त्याचा चांगुलपणा. मी तिथल्या दगडावर बसलो. तोळ्याच्या चारशेव्या भागासाठी मी सोनाराशी तासभर हुज्जत घातलेली आहे आणि माझ्या पाठीमागे दोन हात अंतरावरून साडेपाचशे किलो माती उतरली, ती मला दिसली नाही. वजन बघणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

पुढचे पंधरा दिवस आम्ही सगळं परत मोजलं. पोती नाहीत, मी चाळीसने चालवतोय, डबी लावलेली: अकरा पूर्णांक एक. तेच सगळं, डबी काढून: अकरा पूर्णांक एक. पोती भरलेली, ही नेहमीसारखी चालवतेय, डबी लावलेली आणि दिवा झगझगीत निळा: नऊ पूर्णांक दोन. कण बहुधा रांगेत उभे राहून आमची मजा बघत होते.

अहवाल लिहायच्या आदल्या संध्याकाळी साडू आले. एकटेच. चहा समोर ठेवला, तो गार झाला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"दादा, मला खरंच वाटलं होतं हो," ते शेवटी म्हणाले. "मी माझ्या स्कूटरलासुद्धा बसवली आहे."

"मला माहीत आहे."

"एवढं एक करा. 'उपयोग होत नाही' असं नका लिहू. 'काही अंशी उपयोग होतो' असं लिहा. तुमचीही लाज राहील, माझीही. कोणाला कळणार आहे?"

खरं सांगतो, मला मोह झाला. 'काही अंशी' हे शब्द किती मऊ आहेत! त्यात साडू मावत होते, धाकटी मावत होती, माझी सव्वीस वर्षंही मावत होती. मी हिच्याकडे पाहिलं. शेवटी प्रश्न तिच्या सख्ख्या बहिणीच्या संसाराचा होता. ही रोपांच्या पिशव्या भरत होती. तिने मान वर केली नाही.

"धाकटीचं मी बघते," ती म्हणाली. "रोपवाटिकेत गाडीवर मला माणूस हवाच आहे, आणि हे गोड बोलतात, झाडं खपतील. झाडं तरी खरी आहेत. तुम्ही तुमची सही बघा."

साडूंनी कप उचलला. मग गार झालेला चहा एका घोटात पिऊन विचारलं, "वहिनी, पगारी सुट्टी असते का?" तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साक्षीदाराची सही घ्यायला मी किराणावाल्याच्या दुकानात गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी फॉर्म काउंटरवर पसरला, त्याच्या तराजूशेजारीच. तराजूवर माझा शिक्का चकाकत होता. मी एकेक रकाना भरत गेलो. उपकरणाचा उपयोग: नाही. प्रमाणपत्र: खोटे. प्रमाणपत्र देणारा: माझं नाव. चौकशी करणारा: परत माझं नाव. मग आला रकाना 'खोट्या मापाचे कारण'. मी पेन टेकवलं आणि लिहिलं, 'अनवधानाने, पोती—'

"साहेब," किराणावाला हळूच म्हणाला. तो काउंटरवर ओणवून वाचत होता. "'अनवधानाने' म्हणजे चुकूनच ना?"

"हो."

"तो रकाना फॉर्मात आहे का?"

मी वर पाहिलं. तो हसत नव्हता, चिडवतही नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याला जे कळलं होतं, ते नीट कळलं होतं ना, एवढंच विचारत होता. माझे कान तापले. त्या दिवशी याचेही असेच तापले असतील, आणि मी पाहुण्यांना ते वाक्य ऐकवत दोन वर्षं हसलो होतो.

"नाही," मी म्हणालो. लिहिलेलं सगळं खोडलं, खोडल्या जागी नियमाप्रमाणे सही केली आणि पुढे लिहिलं, 'निरीक्षकाने वजन केले नाही.' खाली सही. सहीखाली 'निरीक्षक, वजनमापे'. हे मात्र या वेळी सवयीने नाही लिहिलं.

त्याने चष्मा लावून सगळं वाचलं, आपली सही केली, आणि मग काउंटरखालून साखरेची पिशवी काढली. "वहिनींनी दोन किलो सांगितली होती. घरी गेल्यावर मोजून घ्या."

"मोजायचं काय त्यात?" मी म्हणालो. "तराजूवर माझा शिक्का आहे."

"म्हणूनच म्हणतो," तो म्हणाला.

मी पिशवी घेऊन घरी आलो आणि हिच्यासमोर साखर मोजली. दोन किलो होती. चाळीस ग्रॅम वरच.